बातमीला चेहरा लागतो

इंग्लंडमधल्या मराठी आयटीवाल्यांमध्ये माझा नंबर कुणाकडून तरी कुणाला तरी मिळत राहतो. स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स, कधी थेट एडिनबरा. फोन बहुधा रात्री मुलं झोपल्यावर येतो आणि सुरुवात ठरलेली असते: "दादा, ते खाकी पाकीट आलंय." खाकी पाकीट म्हणजे एचएमआरसीचं, इकडच्या करखात्याचं पत्र. पुढे दोन प्रश्न येतात. पैसे भरून मोकळं व्हावं का? आणि पेपरात द्यावं का?

पहिल्याचं उत्तर मी देत नाही. त्यासाठी कर-सल्लागार आहेत, आणि प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी असतात. दुसऱ्याबद्दल मात्र बोलतो, कारण याच करप्रकरणात सापडलेल्यांच्या आमच्या छोट्या गटात पत्रकारांचे फोन घेण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं आणि त्या पायी काय काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे.

आधी प्रकरण काय होतं ते सांगतो, म्हणजे धोका कुठे आहे ते कळेल.

२००० सालच्या एप्रिलपासून इथे आयआर-३५ नावाचा नियम आला. स्वतःची लिमिटेड कंपनी काढून एकाच क्लायंटकडे वर्षानुवर्षं काम करणारा कॉन्ट्रॅक्टर हा खरं तर नोकरच, असं खातं म्हणू लागलं. कोण नोकर आणि कोण नाही हे ठरवायचे निकष इतके धूसर की भलेभले गोंधळत. त्या भीतीवर एक धंदा उभा राहिला. एजन्सीच सुचवायची की अमुक अंब्रेला कंपनीतून पगार घ्या, आयआर-३५ची कटकट नाही. पे-स्लिपवर दोन ओळी असत. वरच्या ओळीत किमान वेतनाच्या आसपासचा पगार, त्यावर रीतसर कर कापलेला. खालच्या ओळीत उरलेली मोठी रक्कम, 'कर्ज' म्हणून, आयल ऑफ मॅन किंवा जर्सीतल्या एखाद्या ट्रस्टकडून. ते कर्ज कुणी परत मागत नसे. योजनेवाल्यांची फी जाऊन हातात ऐंशी टक्क्यांच्या वर पडत. माहितीपत्रकात ज्येष्ठ बॅरिस्टरचं मत असे, आणि २००४ पासून अशा योजना खात्याकडे जाहीर कराव्या लागत असल्याने त्यांना एक क्रमांकही असे. तो क्रमांक आपण रिटर्नमध्ये लिहायचा. क्रमांक मिळाला म्हणजे मान्यता मिळाली असं बहुतेकांनी धरलं. खात्याचं म्हणणं, क्रमांक ही फक्त नोंद, मान्यता नव्हे. कागदावर खात्याचं बरोबर आहे.

या योजना चांगल्या होत्या असं मी म्हणत नाही. सरकारला त्या बंद करायचा पूर्ण हक्क होता, आणि ९ डिसेंबर २०१० रोजी जाहीर करून २०११च्या कायद्यात त्यांनी तसा नियम आणलाही. भांडण आहे ते पुढचं. १६ मार्च २०१६च्या बजेटमध्ये चान्सेलर जॉर्ज ऑस्बर्न यांनी 'लोन चार्ज' जाहीर केला. ६ एप्रिल १९९९ पासून घेतलेली, आणि ५ एप्रिल २०१९ रोजी न फेडलेली सगळी कर्जं एका वर्षाच्या उत्पन्नात धरायची आणि त्यावर एकदम कर लावायचा, वरचा दर ४५ टक्के. वीस वर्षांची कमाई एका वर्षात. ज्या वर्षांची रिटर्न्स खात्याने घेतली, तपासली नाहीत, मुदत संपून बंद झाली, तीही यात ओढली गेली. खात्याचा युक्तिवाद असा की हा कर पूर्वलक्षी नाहीच. कर २०१९ मधल्या शिल्लक कर्जावर आहे, कर्ज केव्हाचं याच्याशी संबंध नाही. वकिली डोकं किती बारीक चालतं त्याचा हा नमुना.

आम्हा भारतातून आलेल्यांना यातली एक गंमत लगेच दिसली. १६ मार्च २०१२ रोजी, म्हणजे तारीखही तीच, प्रणव मुखर्जींनी आपल्या बजेटमध्ये व्होडाफोनच्या व्यवहारावर कर लावण्यासाठी १९६२ पर्यंत मागे जाणारी दुरुस्ती आणली होती, कारण जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता. तेव्हा दिल्लीत येऊन, अशा करामुळे गुंतवणुकीचं वातावरण बिघडतं, असं सांगणारे ब्रिटिश मंत्री हेच ऑस्बर्न. चार वर्षांनी घरच्या कॉन्ट्रॅक्टरांच्या बाबतीत त्यांना ते वातावरण आठवलं नाही. व्होडाफोनकडे भारत-नेदरलँड्स गुंतवणूक-करार होता. सप्टेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने तिच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबरात त्याच दुरुस्तीत अडकलेल्या केर्न कंपनीच्या बाजूने, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये भारत सरकारने ती दुरुस्ती मागे घेतली आणि पुढे केर्नला हजारो कोटी परत केले. दिवसाच्या दरावर काम करणाऱ्या माणसाला लवाद नसतो. त्याला त्याचा खासदार असतो, शुक्रवारी भेटणारा, तोही वेळ घेऊन.

कोर्टाची आशा आम्हाला होती, आणि ती उगीच नव्हती. आमच्यातले बरेच जण हायली स्किल्ड मायग्रंट योजनेवर (एचएसएमपी) आलेले. नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारने त्या व्हिसाचे नियम आधीच येऊन स्थिरावलेल्यांनाही लावले, तेव्हा एचएसएमपी फोरम कोर्टात गेला आणि एप्रिल २००८ मध्ये जिंकला. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत असं न्यायमूर्तींनी सांगितल्यासारखं आम्हाला वाटलं. पण व्हिसाचे नियम मंत्र्याने केलेले असतात आणि कर संसदेने. त्याच २००८ सालच्या वित्त कायद्याच्या कलम ५८ ने आयल ऑफ मॅनच्या भागीदारी योजना थेट १९८७ पर्यंत मागे जाऊन रद्द केल्या होत्या. त्यावरचा खटला हुइटसन या करदात्याने २०११ मध्ये अपील कोर्टात हरला. संसदेने स्पष्ट शब्दांत मागे जायचं ठरवलं, आणि प्रकरण कर टाळण्याचं असलं, तर मानवी हक्कांचा आधार फार तोकडा पडतो, हा त्यातून घ्यायचा धडा. म्हणजे ज्या घरात कायदा झाला तिथेच जाऊन तो बदलून घ्यायचा. त्यासाठी खासदार हवेत, आणि खासदारांच्या कानावर जायचं तर पेपर हवेत. इथून आमचं वर्तमानपत्रांशी नातं सुरू झालं.

आता वातावरण लक्षात घ्या. जून २०१२ मध्ये टाइम्सने विनोदी नट जिमी कार याची योजना उघड केली होती आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी ती नैतिकदृष्ट्या चूक म्हटली होती. तो रात्रीत माफी मागून मोकळा झाला. पण तेव्हापासून 'कर्ज' आणि 'ट्रस्ट' हे शब्द आले की वाचकाच्या डोळ्यासमोर त्याचंच हसतं तोंड येई. २००८च्या मंदीनंतर वाचनालयं, पोलीस यांच्या खर्चात काटछाट चाललेली. त्या काळात 'माझ्यावर कराचा अन्याय झाला' म्हणणाऱ्या आयटीवाल्याला सहानुभूती मिळणं अवघडच होतं.

आमच्यातल्या एकाला मी इथे नागपूरकर म्हणेन. २०१८च्या सुमारास एका राष्ट्रीय दैनिकाच्या बाईंनी आमच्याकडे 'केस' मागितली आणि तो तयार झाला. बाई चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगतो. दीड तास बसल्या, चहा घेतला, आयआर-३५ समजून घेतला, तारखा वहीत उतरवल्या. नंतर फोटोग्राफर आला. त्याने नागपूरकर आणि त्याच्या बायकोला घरासमोर उभं केलं, हातात ते पत्र धरायला लावलं, हसू नका म्हणाला. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात शेजाऱ्याची नवी काळी बीएमडब्ल्यू आली. त्या क्षणी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

बातमी छापून आली ती अशी: मथळ्यात मागणीची एकूण रक्कम, सहा आकडी. खाली तो फोटो. मजकूर बाईंनी बराच न्याय्य लिहिला होता, पण मथळा त्यांचा नव्हता. मथळा उपसंपादक देतो आणि त्याला रक्कम हवी असते. शेवटच्या परिच्छेदात खात्याच्या प्रवक्त्याचं ठरलेलं वाक्य: अशा योजना म्हणजे करटाळणी, आणि प्रत्येकाने आपला योग्य वाटा भरलाच पाहिजे. वाचकाच्या मनात शेवटचं वाक्य राहतं. बातमीत तारखा होत्या, पण त्या अकराव्या-बाराव्या परिच्छेदात. इतक्या खाली किती जण जातात?

मग जे झालं ते बातमीच्या बाहेर झालं. वाचकांनी बीएमडब्ल्यू मोजली. कुणीतरी जमीन-नोंदणीच्या जाहीर यादीतून घर किती पौंडांना घेतलं ते काढलं. त्यासाठी काही चोरून पाहावं लागत नाही, विक्रीच्या किमती इथे कुणालाही दिसतात. कुणी कंपनी-नोंदणी कार्यालयातून त्याची जुनी लिमिटेड कंपनी, संचालक म्हणून बायकोचं नाव आणि जन्माचा महिना-वर्ष काढलं. मुलीच्या वर्गातल्या मुलाने तिला विचारलं, तुझे बाबा तुरुंगात जाणार का? ज्या बँकेत तो काम करत होता तिथल्या मॅनेजरने एक शब्द काढला नाही, फक्त कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. कारण काय, हे कधीच कळलं नाही, आणि विचारायची सोय नसते. भारतातल्या एका वेबसाइटने बातमी उचलली आणि 'ब्रिटनमधला घोटाळा' करून फिरवली. नागपुरात त्याच्या आईला ती कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका भाच्याने पाठवली, खाली दोन प्रश्नचिन्हं टाकून. आई मुलाला काही बोलली नाही. तिने सुनेला फोन केला.

आपली केस तारखेवर उभी असते आणि बातमी चेहऱ्यावर. पत्रकार वाईट असतात म्हणून हे होत नाही. 'कायदा मागच्या तारखेने लागू झाला' हे वाक्य पहिल्या पानावर जात नाही, म्हणून संपादक त्याला माणूस, घर आणि रक्कम जोडायला सांगतो. रक्कम आली की केस उलटते. मागणी लाखभर पौंडांची असेल तर वाचक म्हणतो, म्हणजे याने लाखभर वाचवले. त्या रकमेत व्याज किती, वीस वर्षांची किती, आणि त्या काळात भरलेला कर किती, हा हिशेब तो करत बसत नाही. का करावा?

म्हणून फोन करणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगतो ती ही: रक्कम द्यायची नाही. पत्रकार दहादा विचारेल, टक्के सांगा, अंदाज सांगा. टक्क्यांवरून कुणीही रक्कम काढतं. द्यायचीच तर वर्षवार द्या, प्रत्येक वर्षी भरलेल्या करासकट, आणि ते छापणार असाल तरच, असं आधी ठरवून. 'ऑफ द रेकॉर्ड' हे बोलण्याआधी ठरवायचं असतं. बोलून झाल्यावर 'हे छापू नका' म्हणण्याला इथे काही अर्थ नाही. आणि मजकूर आधी दाखवा असं म्हणू नका, दाखवत नाहीत. 'माझ्या तोंडची वाक्यं आणि तारखा फोनवर वाचून दाखवाल का?' असं विचारलं तर मात्र बरेच जण दाखवतात.

फोटो घरासमोर नाही. स्वयंपाकघरात नाही, गाडीजवळ तर नाहीच. खासदाराच्या कार्यालयाबाहेर किंवा वेस्टमिन्स्टरच्या हिरवळीवर चालेल, कारण तिथे तुम्ही मागणी घेऊन आलेला नागरिक दिसता. गटाचा फोटो असेल तर त्यात कोण आहे ते आधी मोजा. २०१८ सालीच होम ऑफिस कायमच्या वास्तव्याचे अर्ज कलम ३२२(५) खाली नाकारत होतं, कारण व्हिसासाठी दाखवलेली कमाई आणि कर-रिटर्नमधली कमाई जुळत नव्हती. कर्ज-योजनेतल्या माणसाच्या बाबतीत ती जुळणार कशी? आमच्यातल्या एका ताईंचा असा अर्ज अडकलेला होता. संसदेबाहेर निदर्शनाच्या दिवशी त्या आल्या, पण फोटोच्या वेळी पिशव्या सांभाळत पुलाच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांचं मी आजही कौतुक करतो.

त्या ३२२(५)च्या प्रकरणात पेपरांनी मात्र मोठं काम केलं, हे विसरून चालणार नाही. गार्डियनने एकामागून एक बातम्या दिल्या आणि सरकारला त्या निर्णयांचा फेरआढावा घ्यावा लागला. २०१९ मध्ये अपील कोर्टानेही होम ऑफिसला फटकारलं. तिथे चेहरा हीच केस होती: शिकलेले इंजिनिअर, रिटर्नमधली साधी दुरुस्ती, आणि देशाबाहेर काढण्याची नोटीस. रक्कम छोटी, शिक्षा अवाढव्य. पोस्ट ऑफिसचं उदाहरण त्याहून ठसठशीत. कॉम्प्युटर वीकलीने मे २००९ मध्ये पैशांच्या अपहाराचा खोटा ठपका बसलेल्या सात पोस्टमास्तरांची कहाणी छापली, पण देश हलला तो जानेवारी २०२४ मध्ये टीव्ही-मालिका आल्यावर. लोन चार्जवाल्यांना तेव्हा वाटलं, आता आपली पाळी. मला ती तुलना कधी पटली नाही. पोस्टमास्तरांनी पैसे घेतलेच नव्हते. आमच्या हातात जास्त पैसे पडले होते, आणि वाचकाला ते माहीत असतं. ज्याला हा फरक सोसत नाही त्याने मुलाखत देऊ नये.

याच फरकामुळे मुलाखतीत योजनेची बाजू मांडायला जाऊ नये. मी स्वतः एकदा स्थानिक रेडिओवर होतो, फोनवर. निवेदकाने मध्येच एका नर्सचा फोन जोडला. ती म्हणाली, "माझा कर पगारातूनच जातो, मला कुणी कर्ज दिलं नाही." आता यावर काय बोलणार? ती खरंच बोलत होती. बॅरिस्टरचं मत, आयआर-३५, एजन्सीचा दबाव, यातलं काहीही काढलं असतं तर ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटली असती. मी एवढंच म्हणालो, "ताई, तुमच्या २००६ च्या पगारावर सरकारने आज नवा कायदा करून कर मागितला तर? माझं भांडण तेवढ्यापुरतं आहे." निवेदकाने विषय बदलला. जिंकलो असं नाही, पण हात दाखवून अवलक्षण झालं नाही.

दुसरा धोका वर्तमानपत्राच्या बाहेरचा आहे आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. खातं जुनी वर्षं उघडतं तेव्हा किती मागे जायचं हे करदात्याच्या वागण्यावर ठरतं: साध्या बाबतीत चार वर्षं, निष्काळजीपणा असेल तर सहा, जाणूनबुजून केलं असेल तर वीस. म्हणजे तुम्हाला तेव्हा काय माहीत होतं, काय वाटत होतं, यालाच किंमत आहे. आणि नेमकं तेच पत्रकार विचारतो. "इतकं जास्त हातात पडतंय म्हणजे काहीतरी गडबड आहे असं कधी वाटलं नाही?" माणूस प्रामाणिकपणे, जरा हसून म्हणतो, "वाटलं होतं थोडं." संपलं. ते वाक्य कायमचं छापून बसतं, आणि खात्यातली माणसंही पेपर वाचतात. ज्याची चौकशी चालू आहे किंवा ट्रायब्युनलमध्ये अपील आहे, त्याने आपल्या मनातलं फक्त आपल्या सल्लागाराला सांगावं. ट्रायब्युनलची सुनावणी उघडी असते आणि निकाल नावानिशी छापले जातात, हेही लक्षात ठेवा. तोपर्यंत खातं स्वतःहून कुणा एकाबद्दल बोलू शकत नाही, गोपनीयतेचा कायदा त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे तोंड उघडेपर्यंत तुम्ही झाकलेले असता.

कोण बोलावतंय तेही पाहा. प्रसिद्धीचं काम करणाऱ्या कंपनीचा फोन आला, तिला पैसे कोण देतं ते विचारा. ज्यांनी योजना विकल्या त्यांच्यातलेच काही नंतर 'सुटका करून देतो' म्हणून उभे राहिले, आणि त्यांना पुढे करायला पीडित कुटुंबं हवीच होती. पेपरात नाव आलं की असे फोन वाढतात. नागपूरकराला बातमीनंतर आलेल्या फोनांत पत्रकारांपेक्षा असे लोक जास्त होते. कर्ज दुसऱ्या ट्रस्टकडे वळवून देतो, तुमचा संबंधच राहणार नाही, असली भाषा. आगीतून फुफाट्यात.

आणि एक फोन असा येतो ज्याला मी कधीच उत्तर देत नाही. "तुमच्यात कुणी आत्महत्येच्या विचारापर्यंत गेलेलं आहे का, बोलायला तयार असलेलं?" असं एका निर्मात्याने मला विचारलं होतं, शांतपणे, कामाचा भाग म्हणून. लोन चार्जशी जोडलेल्या दहा आत्महत्या खात्याने स्वतः मान्य केल्या आहेत. संसदेत, अहवालात तो आकडा यायलाच हवा होता आणि आला. पण जिवंत, खचलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवणं ही गोष्ट वेगळी. अशा माणसाचा नंबर मी पत्रकाराला देत नाही, त्याने स्वतः मागितलं तरी. त्याला समॅरिटन्स या हेल्पलाइनचा ११६ १२३ देतो, आणि त्या रात्री कुणीतरी त्याच्याकडे जाऊन बसतो.

मग काम झालं कशाने? थोडं पेपरांनी, खूपसं कंटाळवाण्या मार्गांनी. डिसेंबर २०१८ मध्ये लॉर्ड्सच्या अर्थविषयक समितीने खात्याच्या अधिकारांवर अहवाल दिला आणि लोन चार्जवर कडक शब्दांत टीका केली. लॉर्ड्सची समिती वाचकाला रटाळ वाटते, मंत्र्याला नाही. जानेवारी २०१९ मध्ये खासदार एड डेव्ही यांनी वित्त विधेयकात आढाव्याची दुरुस्ती घुसवली. सर्व पक्षांचा संसदीय गट झाला, लोन चार्ज ॲक्शन ग्रुपने खासदारांमागे तगादा लावला. सप्टेंबर २०१९ मध्ये सर एमियास मोर्स यांना आढाव्याचं काम दिलं. २० डिसेंबरला सरकारने ९ डिसेंबर २०१० च्या आधीची कर्जं वगळली. त्यानंतरच्या काही वर्षांतही ज्यांनी रिटर्नमध्ये पुरेसं उघड केलं होतं आणि खात्याने काहीच केलं नव्हतं, ते सुटले. माझी कर्जं २०१० च्या आधीची होती. नागपूरकराची २०१२ ची. तो सुटला नाही. २०२५ च्या जानेवारीत रे मकॅन यांच्याकडे दुसरा आढावा गेला, नोव्हेंबरच्या बजेटबरोबर तो बाहेर आला आणि सरकारने बहुतेक शिफारशी घेतल्या. पण ज्यांचं मिटलेलं नाही त्यांच्यापुरताच तो होता. घर गहाण टाकून आधीच भरून मोकळे झालेल्यांच्या तोंडाला पानंच पुसली गेली. लवकर भरणाऱ्याला शिक्षा आणि थांबणाऱ्याला सवलत, हे मला त्या कराइतकंच अन्यायाचं वाटतं.

या सगळ्यात ज्या बातम्यांनी खरोखर मदत केली त्या बहुतेक अकाउंटंटांच्या आणि कॉन्ट्रॅक्टरांच्या व्यावसायिक पत्रांत आल्या. तिथे वाचकाला कलम समजतं, पत्रकाराला घराचा फोटो लागत नाही, आणि खासदारांचे सहायक तीच कात्रणं काढतात. त्यानंतर गावचं साप्ताहिक, कारण खासदार ते न चुकता पाहतो. राष्ट्रीय दैनिक शेवटी, आणि शक्यतो मंत्र्याचं उत्तर ठरलेल्या दिवशी यायचं असेल त्या आठवड्यात.

तुम्ही बोलायचं ठरवलंच असेल तर छापून येण्याच्या आदल्या संध्याकाळी घरी फोन करा. पुण्याला, साताऱ्याला, जिथे आई-वडील असतील तिथे. चार वाक्यांत सांगा की उद्या अशी बातमी येईल, मथळा वाईट असेल, मी गुन्हा केलेला नाही, भांडण कायद्याच्या तारखेचं आहे. बायकोच्या माहेरीही सांगा. मुलांच्या शाळेत वर्गशिक्षकांना दोन ओळींची ई-मेल टाका. लिंक्डइनवर दिवसाचा दर किंवा 'ऑफशोअर' असला काही शब्द राहिलाय का ते पाहा. कागदपत्रांच्या मूळ प्रती कुणाला देऊ नका. पे-स्लिप, एजन्सीच्या ई-मेल, योजनेचं माहितीपत्रक, रिटर्नवरचा तो क्रमांक, हे सगळं पुढे ट्रायब्युनलला लागतं, आणि पत्रकाराकडून मूळ कागद परत मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

आणि त्याआधी खासदाराला भेटा. एका कागदाच्या एका बाजूला मावेल एवढंच न्या: कर्ज कोणत्या वर्षी, रिटर्न कोणत्या तारखेला भरलं, खात्याचं पहिलं पत्र कोणत्या तारखेला आलं, कायदा कोणत्या तारखेला झाला. त्याच्या सहायकाचं नाव आणि थेट ई-मेल घेतल्याशिवाय उठू नका, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार तोच करतो.